‘नव्वद नंबर’ हे गिअर ऑइलचे पूर्ण नाव नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की कोल्हापुरातल्या गॅरेजांसमोर गाड्यांची रांग लागते. ब्रेक, टायर, वायपर, बॅटरी सगळे निगुतीने पाहिले जाते. गिअर ऑइलची पाळी आली की मात्र दुकानात एकच निरोप जातो, ‘नव्वद नंबर चार लिटर पाठवून द्या.’ त्याच डब्यातले निम्मे गिअरबॉक्समध्ये जाते, निम्मे मागच्या हाउसिंगमध्ये, म्हणजे वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या डिफरन्शियलच्या पेटीत. बिलावर ‘गिअर ऑइल’ एवढे दोन शब्द येतात. पुढे वर्षभराने दुसरा गिअर कुरकुरायला लागला किंवा वळणावर मागून थरथर जाणवू लागली की दोष चालवणाऱ्याच्या हाताला लावला जातो. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एलएसडी), म्हणजे घसरणाऱ्या चाकाला आवरणारे डिफरन्शियल, असलेल्या गाड्या आता शेतावर, घाटात आणि हौशी मंडळींच्या दारात दिसू लागल्या आहेत आणि त्यांत ही चूक आणखी महाग पडते. म्हणून हे सविस्तर पत्र.

नव्वद हा आकडा फक्त तेलाच्या दाटपणाचा आहे. १०० अंश सेल्सिअसला ज्याची व्हिस्कॉसिटी १३.५ ते १८.५ सेंटीस्टोक्सच्या दरम्यान राहते त्याला एसएई ९० म्हणायचे (एसएई ही वाहन अभियंत्यांची संस्था, तिची ही मापपट्टी). २४ च्या पुढे गेले की ते १४०. हे आकडे इंजिन ऑइलच्या आकड्यांशी जुळवू नयेत, कारण दोन्ही मापपट्ट्या वेगळ्या आहेत. इंजिन ऑइलचे ४० किंवा ५० आणि गिअर ऑइलचे ९० हे दाटपणाने साधारण एकाच घरातले आहेत. तेव्हा ‘नव्वद म्हणजे चाळिसाच्या दुप्पट जाड’ ही समजूत चुकीची आहे. ७५डब्ल्यू, ८०डब्ल्यू, ८५डब्ल्यू यातला पहिला आकडा थंडीतल्या वागणुकीचा. ८०डब्ल्यूची परीक्षा उणे २६ अंशाला होते, ८५डब्ल्यूची उणे १२ ला. आपल्याकडे गगनबावड्याच्या धुक्यातसुद्धा तशी थंडी पडत नाही, त्यामुळे केवळ थंडीसाठी ७५डब्ल्यू शोधण्याची गरज नाही. मात्र ७५डब्ल्यू-९० बहुधा सिंथेटिक असते, घाटात तापल्यावर ते मिनरल तेलापेक्षा जास्त टिकते आणि सकाळी पहिला-दुसरा गिअर हलका पडतो. त्यासाठी चार पैसे जास्त मोजणे पटण्यासारखे आहे. पण जिथे कंपनीने ७५डब्ल्यू-८० सांगितले आहे तिथे ‘आपल्याकडे ऊन फार’ म्हणून ९० घालू नये. तेल जाड झाले की सिंक्रो रिंगला, म्हणजे गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या कडीला, ते गिअरच्या कोनावरून (शंकूसारख्या भागावरून) पुसून काढायला वेळ लागतो आणि गिअर अडखळतो.

दाटपणापेक्षा महत्त्वाचे अक्षर डब्यावर बारीक छापलेले असते: जीएल-४ की जीएल-५ (जीएल म्हणजे गिअर ल्युब्रिकंट). हे शाळेतल्या इयत्तांसारखे नाही, की पाचवी चौथीच्या वरची. ही दोन वेगळ्या कामांची तेले आहेत. दुकानदार ‘साहेब, जीएल-५ घ्या, भारीतले आहे’ असे सांगतात तेव्हा ते मनापासूनच सांगत असतात, पण गिअरबॉक्ससाठी तो सल्ला घातक ठरू शकतो.

मागच्या हाउसिंगमधले क्राऊन-पिनियन, म्हणजे मोठे दातेरी चक्र आणि त्याला फिरवणारे छोटे, उघडून नीट पाहा. पिनियनचा दांडा क्राऊनच्या मध्यावर येत नाही, त्याच्या खाली सरकलेला असतो. ही हायपॉइड रचना. १९२६ मध्ये पॅकार्डने ती मोटारीत आणली आणि त्यामुळे मागच्या एक्सलला ताकद पोचवणारा प्रॉपेलर शाफ्ट खाली गेला, गाडीची बैठक उतरली. पण इथे दात नुसते दातावर लोळत नाहीत, लांबीभर घासत सरकतात. चढावर, भरल्या गाडीत, त्या रेषेइतक्या जागेवर इतका दाब येतो की तेलाचा थर फाटतो. तिथे वाचवते ते तेलातले गंधक-फॉस्फरसचे अतिदाब ॲडिटिव्ह, गॅरेजच्या भाषेत ‘ईपी’. दात तापले की हे रसायन लोखंडाशी संयोग पावून पातळ, मऊ पापुद्रा तयार करते. दाताऐवजी तो पापुद्रा झिजतो आणि पुन्हा तयार होतो. जीएल-५ मध्ये हे ॲडिटिव्ह जीएल-४ च्या जवळपास दुप्पट असते. मागच्या हायपॉइडमध्ये जीएल-४ घातले तर आंबा घाटाच्या एका भरल्या चढात काही दिसणार नाही, पण पिनियनच्या दातांवर हळूहळू ओरखडे पडतात, मग खड्डे, मग ठरावीक वेगाला घोंघावणारा आवाज. तो आवाज सुरू झाल्यावर कोणतेही तेल दात परत आणत नाही.

गिअरबॉक्समध्ये चित्र उलटे आहे. तिथले दात हेलिकल, म्हणजे तिरके कापलेले, ताण तुलनेने कमी. नाजूक भाग आहे सिंक्रोची पितळी रिंग. गिअर टाकताना ही रिंग कोनावर दाबली जाते, आतल्या बारीक रेघा तेल कापून बाजूला सारतात आणि घर्षणाने दोन्ही भागांचा वेग सारखा होतो. तेव्हाच गिअर जोडणारी स्लीव्ह आवाज न करता आत शिरते. म्हणजे इथे ठरावीक घर्षण पाहिजेच. जीएल-५ मधल्या जादा ॲडिटिव्हचा थर कोनावर बसला की रिंग पकडायच्या ऐवजी घसरते. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना येणारा ‘खर्र’ हा त्याचाच. शिवाय सक्रिय गंधक गरम तेलात तांब्याच्या मिश्रधातूला काळवंडून खाते. अलीकडची चांगली जीएल-५ तेले पितळाला पूर्वीइतकी खात नाहीत हे खरे, पण घर्षणाचा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. काढलेल्या तेलात सोनेरी चकाकी दिसली तर ती रिंगची आहे असे समजावे.

अपवाद आहेत आणि ते गाडीच्या माहितीपुस्तिकेत, म्हणजे मॅन्युअलमध्येच पाहावेत. काही कंपन्या गिअरबॉक्सलाही जीएल-५ सांगतात, काही एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल. एएमटी (क्लच-गिअर आपोआप चालवणाऱ्या) गाडीचा गिअरबॉक्स आतून हाताने बदलायच्या गिअरबॉक्ससारखाच असतो, पण वरच्या ॲक्चुएटरचे हायड्रॉलिक तेल वेगळे असते. सीव्हीटी (पायऱ्यांचे गिअर नसलेला आपोआप चालणारा गिअरबॉक्स) आणि ऑटोमॅटिकमध्ये गिअर ऑइलचा थेंबही जाता कामा नये. डब्यावर ‘जीएल-४/जीएल-५’ असे दोन्ही लिहिले असेल, तर सिंक्रो असलेल्या गिअरबॉक्सला ते चालते असे उत्पादकाने स्पष्ट लिहिले आहे का, हे पाहून मगच घ्यावे. डब्यावर ‘एमटी-१’ असेल तर ते सिंक्रो नसलेल्या जड वाहनांच्या गिअरबॉक्ससाठी आहे.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या मोटारींत पुढची चाके ओढतात. त्यांत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच पेटीत असतात, तेलही एकच, साधारण दोन ते अडीच लिटर. ‘डिफरन्शियल आहे म्हणजे जीएल-५ लागणार’ हा तर्क तिथे लागू होत नाही, कारण त्या पेटीतले शेवटचे गिअर हायपॉइड नसून साधे हेलिकल असतात. तिथे सहसा जीएल-४ च लागते.

आता एलएसडीकडे येऊ. साधे डिफरन्शियल चिखलात रुतले की घसरणारे चाक फिरत राहते आणि घट्ट जमिनीवरचे चाक नुसते उभे राहते. एलएसडी त्या दोन चाकांच्या वेगातला फरक रोखते. ते कसे रोखते, यावर तेल ठरते आणि इथेच सर्वांत जास्त गफलत होते.

प्लेटांच्या एलएसडीत डिफरन्शियलच्या दोन्ही बाजूंना क्लचसारख्या प्लेटांची थप्पी असते, स्प्रिंगने दाबलेली. गाडी वळली की बाहेरचे चाक जास्त फिरते, आतले कमी, आणि प्लेटा एकमेकींवर सरकतात. नुसते जीएल-५ घातले असेल तर थांबलेल्या प्लेटा सुटायला जोर लागतो, सुटल्या की एकदम सरकतात, पुन्हा पकडतात. लक्ष्मीपुरीच्या अरुंद बोळात पूर्ण वळण घेताना मागून ‘कट-कट-कट’ येते, सीटखाली थरथर जाणवते, ती हीच. बरेच जण तेव्हा व्हील बेअरिंग किंवा युनिव्हर्सल जॉइंट बदलून बसतात. उपाय फ्रिक्शन मॉडिफायरचा. तो प्लेटांमधले थांबलेल्या स्थितीतले घर्षण सरकत्या घर्षणापेक्षा कमी करतो, म्हणून प्लेटा झटके न देता सरकतात. डब्यावर ‘एलएस’ किंवा ‘लिमिटेड स्लिप’ असे लिहिलेल्या तेलात तो आधीच घातलेला असतो, वरून आणखी घालू नये. साध्या जीएल-५ मध्ये घालायचा तर बाटल्या बहुधा ११८ मिलिलिटरच्या मिळतात आणि एका एक्सलला तेवढे पुरते. एकदम सगळी ओतू नये. आधी निम्मी घालावी, मोकळ्या मैदानात अगदी सावकाश इंग्रजी आठच्या आकारात आठ-दहा फेऱ्या घ्याव्यात, म्हणजे तेल प्लेटांच्या मध्ये शिरते. थरथर राहिली तरच उरलेली घालावी. मॉडिफायर जास्त झाला तर थरथर जाते, पण प्लेटा पकडतच नाहीत आणि एलएसडीसाठी मोजलेले पैसे वाया जातात. पुरेसा मॉडिफायर घालूनही आवाज येत असेल तर प्लेटा जळल्या आहेत, तेलाने भागणार नाही.

याच कारणाने एलएसडीचे तेल गिअरबॉक्समध्ये कधीही घालू नये. प्लेटांना जो निसटतेपणा हवा असतो तोच सिंक्रो रिंगचा घात करतो.

टॉर्सनसारख्या गिअरच्या एलएसडीत प्लेटांची अशी थप्पी नसते, ते काम हेलिकल गिअरच्या दाबाने होते. त्याला साधारणपणे मॉडिफायर लागत नाही, चांगले जीएल-५ पुरते. व्हिस्कस कपलिंग या दाट द्रवावर चालणाऱ्या प्रकारातले सिलिकॉन द्रव सीलबंद असते, बाहेरच्या तेलाचा त्याच्याशी संबंध नाही. अनेक नव्या एसयूव्हींच्या जाहिरातीत ‘एलएसडी’ म्हणतात ते प्रत्यक्षात घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावणारे इलेक्ट्रॉनिक काम असते, आतले डिफरन्शियल साधेच. थारच्या काही मॉडेलांत येते ते मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल. या जातीत दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण शंभर फेऱ्यांचा फरक पडला की वजनी तुकड्यांचा छोटा गव्हर्नर चाप लावतो आणि प्लेटा दाबून लॉक होते. तिथे मॉडिफायर घातला तर प्लेटा घसरून लॉक लागायला उशीर होतो. म्हणून मॅन्युअलने सांगितल्याशिवाय त्यात काही मिसळू नये.

आपल्या गाडीत नक्की काय आहे हे कळण्यासाठी मागची दोन्ही चाके उचलून स्टँडवर घ्यावीत, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सैल. एक चाक हाताने फिरवले आणि दुसरे उलट फिरले तर डिफरन्शियल साधे. त्याच दिशेला फिरले तर प्लेटांची एलएसडी. मेकॅनिकल लॉकिंग मात्र या चाचणीत साध्यासारखेच वागते, कारण हाताने फिरवून तेवढा फरक पडत नाही. टॉर्सनही सहसा उलटच फिरते. आणि एक गोष्ट प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर लिहायला हवी: एलएसडीच्या गाडीचे एकच मागचे चाक उचलून इंजिन चालू ठेवून गिअर टाकू नये. जमिनीवरचे चाक जोर घेते आणि गाडी जॅकवरून उडी मारते. साध्या डिफरन्शियलच्या सवयीने फिटर असे करतात आणि गाडीखाली माणूस असतो.

टायरचाही तेलाशी संबंध आहे. मागे एक नवा, एक झिजलेला टायर, किंवा कमी मापाची स्टेपनी लावून पुणे गाठले, तर सरळ रस्त्यावरही प्लेटा अखंड घासत राहतात आणि तेल जळते. एलएसडी असेल तर मागचे दोन्ही टायर जोडीनेच बदलावेत.

तेल बदलताना आधी वरचा फिलर प्लग उघडतो का ते पाहावे, मगच खालचा ड्रेन प्लग सोडावा. वर्षानुवर्षे न हललेला फिलर प्लग गंजून बसलेला असतो. आधी तेल काढून टाकले आणि मग वरचा उघडलाच नाही, तर गाडी जागेवर अडकते. गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून तेल कोमट असताना, सपाट जागी काढावे. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी मलमासारखी बारीक धूळ असणे साहजिक आहे. सुईसारखे तुकडे, दाताचा कोपरा किंवा पापुद्रे दिसले तर नवे तेल ओतण्याआधी आत पाहावे. वॉशर दर वेळी नवा घालावा. तेल फिलरच्या खालच्या काठाला येईपर्यंत भरावे, पाच मिनिटे थांबून पुन्हा पाहावे, कारण एलएसडीच्या थप्पीत हवा अडकलेली असते. ‘थोडे जास्त बरे’ म्हणून गाडी एका बाजूला उचलून अर्धा लिटर जादा घालणारे आहेत. त्याने तेल फेसाळते, ब्रीदरमधून (हाउसिंगच्या हवेच्या छिद्रातून) वर येते किंवा हबच्या सीलमधून ब्रेक लायनरवर उतरते. मागचा एक ब्रेक धरेनासा झाला तर आधी इकडे पाहावे. फोर बाय फोर गाडीत पुढचे हाउसिंग आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी) विसरू नयेत आणि ट्रान्सफर केसचे तेल वेगळे असू शकते हेही पाहावे.

एलएसडीचे हाउसिंग डिझेल किंवा रॉकेलने धुण्याची पद्धत तर ताबडतोब बंद झाली पाहिजे. थप्पीच्या आत शिरलेले डिझेल निथळत नाही, नव्या तेलाला पातळ करते आणि प्लेटांना भोवते. जुन्या, आवाज करणाऱ्या हाउसिंगमध्ये १४० घालून आवाज दाबण्याची युक्तीही तशीच. आवाज महिनाभर दबतो, गिअर जाड तेल घुसळत बसतात, तापमान वाढते. तेल दर दहा अंशांनी ढोबळमानाने दुप्पट वेगाने खराब होते, हे लक्षात घेतले तर त्या युक्तीची किंमत कळेल. मॅन्युअलने १४० सांगितले असेल तर मात्र तेच घालावे.

पुराचे वेगळे सांगावे लागते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला आली की आपण वाड्या-वस्त्यांची चिंता करतो, ४३ ची धोका पातळी ओलांडली की गाड्या हलवतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत कित्येक गाड्या एक्सलभर पाण्यात उभ्या राहिल्या. गरम हाउसिंग पाण्यात शिरले की आतली हवा एकदम आकसते आणि ब्रीदरमधून, सीलच्या ओठातून पाणी आत ओढले जाते. म्हणून पाण्यातून एकदा गेलेल्या गाडीचेही तेल तपासायला हवे. ड्रेन प्लग अर्धा फेरा सैल केला की पाणी असेल तर तेलाआधी तेच टपकते, कारण ते जड असते. तेल दुधाळ दिसले तर गाडी ओढूनसुद्धा नेऊ नये, आधी रिकामे करावे. मग त्याच ग्रेडचे साधे तेल घालून आठ-दहा किलोमीटर सावकाश चालवावे, काढून टाकावे आणि मगच चांगले तेल भरावे. प्लेटांच्या एलएसडीत हे दोनदा करावे, अस्तरात पाणी मुरलेले असते. ब्रीदरची नळी रबरी पाइप जोडून बॉनेटपर्यंत वर घेतली तर पुढच्या वर्षी हा त्रास बराच टळतो. खर्च अगदी किरकोळ.

उसाच्या ट्रॅक्टरबद्दल एवढेच, की ऑइल इमर्स्ड ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरच्या मागच्या पेटीत ‘नव्वद नंबर’ घालू नये. ब्रेकच्या प्लेटा त्याच तेलात बुडालेल्या असतात. चुकीच्या तेलाने त्या किंचाळतात आणि भरल्या ट्रॉलीला उतारावर दगा देतात. त्यासाठीचे यूटीटीओ तेल वेगळे मिळते.

गॅरेजमालकांच्या आणि तेलविक्रेत्यांच्या संघटनांना आपल्या पत्रातून विनंती आहे, की गिअर ऑइलच्या प्रत्येक बिलावर चार गोष्टी लिहाव्यात: एसएई ग्रेड, जीएल क्रमांक, मॉडिफायर आहे की नाही आणि तेल कोणत्या पेटीत किती लिटर घातले. डब्याचे झाकण ग्राहकासमोर फोडावे. ड्रममधले सुटे तेल एलएसडीसाठी विकू नये, कारण त्यात काय मिसळले आहे हे ड्रमवर वाचता येत नाही. दुसरी विनंती महापालिकेला. काढलेले तेल आज कितीतरी ठिकाणी गटारात सोडले जाते, तिथून जयंती नाल्यात आणि पुढे पंचगंगेत. शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव इथे जुने तेल गोळा करण्याची झाकणबंद पिंपे ठेवून ती अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे पाठवण्याची सोय या पावसाळ्यापूर्वी करावी.

कळावे,

एक वाचक
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर